सहलीपुरती भाषा

समोर बसलेल्या गृहस्थांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम होती. उजव्या डोळ्यापुढची काच बदलून, "आता खालची ओळ वाचा," असं सांगून ती थांबली होती, तेवढ्यात दुकानाचे मालक पडदा सारून आत आले. तपासणी चालू असताना पडदा सारायचा नाही, हा नियम त्यांचाच. दुकानाचा फोन त्यांनी अंगापासून लांब, ओलं फडकं धरावं तसा धरला होता. "मॅडम, हे तुमचं काही आहे का बघा हो. मला तर कुणीतरी थट्टा केल्यासारखं वाटतंय." तिनं फोन घेतला. खोलीत अंधार होता, तक्त्यामागचा दिवा तेवढा चालू. पडद्यावरची वाक्यं कुठल्याशा यंत्रानं उलथीपालथी करून दिलेली होती. 'नमस्कार. नूना येथे काम करते का. तुमचा धाकटा भाऊ पडला आहे. डोक्याच्या आत. तो जिवंत आहे. तो आमची भाषा थोडी बोलतो. तुमची भाषा बोलत नाही. कृपया या. मी पत्नी आहे.' तिनं ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. समोरचे गृहस्थ मान पुढे काढून म्हणत होते, "पहिलं अक्षर म... की भ असेल? भ." "ठीक," ती म्हणाली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत तिनं कुणाला 'चुकलं' असं म्हटलेलं नव्हतं. दिसत नाही हे माणसं सहसा कबूल करत नाहीत, अंदाजानं वाचतात, आणि अंदाज करताना आवाज जरासा वर चढतो, पोराबाळांसारखा होतो. त्या चढलेल्या आवाजावरून ती नंबर काढायची. "तुम्हाला भाऊ आहे?" मालकांनी विचारलं. सव्वीस वर्षांत त्यांना हे ठाऊक नव्हतं. "आहे ना," ती म्हणाली, आणि तिचा स्वतःचा आवाज किंचित वर चढलेला तिला ऐकू आला.

त्याचं घरातलं नाव भुंगा. तिनंच ठेवलेलं. काहीही करत असला, बुटाची नाडी बांधत असला तरी घशातल्या घशात गुणगुणायचा, आणि गुणगुणतोय हे त्याला माहीत नसायचं. परीक्षेत शेजारच्या मुलांनी तक्रार केली म्हणून मास्तरांनी त्याला व्हरांड्यात वेगळा बसवला, तेव्हा घरी येऊन तो रडला नव्हता. "ताई, मी खरंच आवाज करतो?" एवढंच त्यानं विचारलं होतं. ती अकरा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले, आई कामाला जायची, तेव्हा त्याचं जेवणखाण, अभ्यास, नखं कापणं सगळं तिच्याकडे. लोक तिला त्याची धाकटी आई म्हणायचे, आणि ते ऐकून तिची आई हसायची, पण हसताना नजर दुसरीकडे वळवायची. हे सगळं तिला त्या अंधाऱ्या खोलीत एका दमात आठवलं नाही. आठवली ती फक्त त्याची नखं, ओली, मऊ, कापताना बोटांना चिकटणारी. गृहस्थ गेल्यावर कधीतरी तिच्या लक्षात आलं की त्यांचा डावा डोळा आपण तपासलाच नाही. उजव्याचाच नंबर दोन्हीकडे लिहून ती मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या फोनवरून उत्तर पाठवलं. एकमेकींना कधी न पाहिलेल्या दोन बायका, नणंद आणि भावजय, मधे यंत्र ठेवून लिहू लागल्या, आणि यंत्र दोघींनाही सारखंच कोरडं, सारखंच नम्र करून टाकू लागलं. कळलं ते असं की दोन महिन्यांपूर्वी तो फरशांच्या कारखान्यात, भट्टीजवळ, उभ्याउभ्या कोसळला. मेंदूत रक्त साकळलं होतं. उजवा हात गेला, वाचा गेली. मग वाचेतलं थोडं थोडं परत आलं, पण जे आलं ते तिकडच्या भाषेत. रोज जी भाषा तोंडात असते ती बऱ्याचदा आधी येते, दुसरी मागून येईल, नाहीतर येणार नाही, असं डॉक्टर म्हणत होते. "तो लहानपणाची गाणी, काही?" तिनं विचारलं. 'नाही,' उत्तर आलं. मग तिनं विचारलं, "नूना म्हणजे कोण?" 'पुरुष मोठ्या बहिणीला नूना म्हणतात. त्याच्या फोनमध्ये हा क्रमांक नूना नावाने आहे. सहा वर्षे. कधी लावलेला नाही.' दुकानानं हा फोन घेतला त्यालाच सहा वर्षं झाली होती. म्हणजे ती अजून याच दुकानात असेल असं त्यानं धरलं होतं. म्हणजे त्यानं शोधलं होतं, नंबर उतरवून घेतला होता, आणि सहा वर्षं त्यावर बोट ठेवलं नव्हतं. तिच्या हातात चष्म्याची काच आणि फडकं होतं. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी ती पुसत होती.

जाण्याची परवानगी मिळायला पाच आठवडे लागणार होते. प्रवासी कंपनीतल्या माणसानं कागद घेता घेता सहज सांगितलं की वरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग चालतो, सहलीपुरतं कोरियन, दहा तासिका, लोकांना फार उपयोग होतो. ती जिना चढून वर गेली. फळा, सहा बाकं, आणि खिडकीत वाळायला ठेवलेला डस्टर. शिकवणाऱ्या बाई चौदा वर्षं तिकडे राहून आलेल्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे. आवाज असा की मैदानावर कवायत घेताहेत. वर्गात एक बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर होते, आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं, बाकाखाली हात हातात घेऊन बसणारं. "का शिकायचंय ते एकेकानं सांगा," बाई म्हणाल्या. जोडपं म्हणालं, सहल. मॅनेजर म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजा मंजूर केल्या, आता माझी सहल." तिच्यावर पाळी आली तेव्हा तिनंही "सहल" म्हटलं. सगळ्यांनी तेच म्हटलं होतं, एक वेगळा शब्द काढून सगळ्यांच्या माना वळवायला नको, असं तिला वाटलं. एवढंच वाटलं, की आणखी काही, हे तिनं पाहिलं नाही.

अक्षरं सोपी होती. उभी काठी, आडवी काठी, गोल. "हा गोल सुरुवातीला आला की मुका," बाई म्हणाल्या. "त्याला आवाज नाही. जागा धरून बसतो, बस." तिच्या तपासणीच्या तक्त्यावरही गोल होते, निरक्षर माणसांसाठी, पण त्या प्रत्येक गोलाला एका बाजूनं फट असायची आणि ती कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं असायचं. इथल्या गोलाला फट नव्हती. वहीत ते गिरवताना ती प्रत्येक वेळी नकळत पेन थोडं आधी उचलायची आणि मग सावरून गोल पुरा करायची. मग वाक्यं आली. पाणी द्या. स्वच्छतागृह कुठे आहे. हे केवढ्याला. जरा कमी करा ना. आमचा फोटो काढाल का. मी रस्ता चुकले आहे. ती बसमध्ये, जिन्यावर, भांडी घासताना ती वाक्यं पुटपुटायची, आणि तिच्या नकळत प्रत्येक वाक्य भुंग्याच्या तोंडावर लावून बघायची, जशी एकेक काच डोळ्यापुढे लावून बघावी. भुंग्या, हे केवढ्याला. भुंग्या, आमचा फोटो काढाल का. एकही लागू पडत नव्हतं. सगळ्या वाक्यांच्या शेवटी 'यो' होतं, आणि त्या 'यो'मुळे ती सगळी अहो-जाहोतली होती. तिसऱ्या तासाला तिनं हात वर केला. "बाई, लहान माणसाशी बोलताना? आपण अरे-तुरे करतो तसं?" बाई हसल्या. "अहो, सहलीला गेल्यावर तुम्ही कुणाशी अरे-तुरे करणार आहात? शेवटी यो लावा आणि निर्धास्त राहा. कुणाचा अपमान होणार नाही." मॅनेजर मागून म्हणाले, "आमच्या घरी बायकोला हेच शिकवा." जोडपं खिदळलं. तीही हसली. हसताना तिला जाणवलं की आपण गेली एकोणीस वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी जे बोलत आलो, ते सगळं तूमधलं होतं. आता प्रत्यक्ष गाठ पडेल तेव्हा 'तुम्ही' म्हणावं लागेल, आणि तो कदाचित मान लववून ते स्वीकारेल.

पाचव्या तासाला घरातली माणसं आली. आई म्हणजे ओमोनी. बाईंनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या, तिच्या वाट्याला मॅनेजर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वही डोळ्यांजवळ नेली (त्यांचा जवळचा नंबर बदललाय, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं) आणि प्रत्येक शब्दावर जोर देत विचारलं, "ओमोनी ओदी केसेयो?" आई कुठे आहेत? उत्तर फळ्यावर लिहिलेलं होतं. घरी आहेत. "चिबे केसेयो," ती म्हणाली. "वा," मॅनेजर म्हणाले, "मग नमस्कार सांगा." ते गंमत करत होते. ती वहीकडे बघत राहिली, कारण हे सगळं याआधी घडलेलं होतं, याच सुरात, एका रविवारी दुपारी, फोनवर.

आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. भुंग्याला तिकडची नोकरी आली तेव्हा तिनंच त्याला जा म्हटलं. आईचं मी बघते, तू जा. तो गेला, आणि दर रविवारी दुपारी तीनला फोन करू लागला. आठवडाभर आई तिच्याशी दोन शब्द बोलायची नाही. कूस बदलताना कण्हायची, घास नको म्हणून तोंड फिरवायची, एकदा तिनं चमचा पुढे केला तर हातानं उडवून लावला. पण रविवारी अडीचपासून आई केस विंचरून मागायची. फोन कानाला लावला की तिचा चेहरा असा उजळायचा की ही चहा टाकायच्या निमित्तानं तिथून उठून जायची. स्वयंपाकघरात उभी राहून तिला आईचं हसणं ऐकू यायचं. आठवडाभराची घाण, औषधं, चादरी तिच्या वाट्याला, आणि हसणं त्याच्या. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं. आणि मग एका गुरुवारी, भर दुपारी, ती चादर बदलत असताना आई गेली. चादर अर्धी घातलेली, अर्धी तिच्या हातात. त्या क्षणी तिला रडू आलं नाही. खोली एकदम तिची एकटीची झाली. आई पहिल्यांदाच पूर्णपणे तिची होती, तोंड न फिरवणारी. त्याला कळवायचं होतंच. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा, कळवलंय, ती म्हणाली, नोकरी नवीन आहे, रजा मिळत नाही. रविवारी तीनला फोन वाजला. "आई कुठेय?" त्यानं विचारलं. "झोपलीय," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते इतकं सहज निघालं की तिलाच आश्चर्य वाटलं. पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी तो विचारता विचारता गुणगुणत होता. "आत्ताच डोळा लागलाय रे," ती म्हणाली. तिसऱ्या रविवारी त्याचा आवाज पडलेला होता, तीन आठवडे आईचा आवाज ऐकला नाही म्हणाला, आणि तेव्हा ती जे बोलली ते तिला आजवर कुणापाशी उच्चारता आलं नव्हतं. ती म्हणाली, "उठवू का?" आणि तो घाईघाईनं म्हणाला, "नको नको, झोपू दे तिला."

चौथ्या रविवारी तिनं फोन उचललाच नाही. वाजू दिला. शेवटी त्यानं खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन लावला आणि काकूंनी, बिचाऱ्यांनी, त्याचं सांत्वन केलं. अर्ध्या तासानं तिचा फोन पुन्हा वाजला तेव्हा तिनं उचलला. तो म्हणाला, "ताई, तू विचारलंस, उठवू का." एवढंच. शिवी नाही, ओरडणं नाही. त्यानंतर नंबर बंद, पत्ता बदललेला, एकोणीस वर्षं. शेजाऱ्यांना ती सांगायची, तिकडेच स्थायिक झाला, कामाचा फार व्याप आहे.

"मॅडम, तुमची पाळी," मॅनेजर म्हणत होते. "आता तुम्ही मला माझी आई विचारायची." तिनं विचारलं. त्यांची आई पन्नास वर्षांपूर्वी गेलेली, तरी त्यांनी फळ्यावरचं बघून आनंदानं सांगितलं, घरी आहेत.

सहाव्या तासानंतरच्या शनिवारी दुपारी भावजयीनं फोनवर चेहरा दाखवायचं ठरवलं. इकडे नणंदेनं केस नीट केले, खिडकीकडे तोंड करून बसली, मग उजेड फार पडतो म्हणून भिंतीकडे वळली. पडद्यावर आधी भावजय आली, आखूड केसांची, थकलेली, तिनं खोल मान लववली. मग चित्र हललं, छत दिसलं, खिडकीचा गज दिसला, आणि मग तो. केस पांढरे. तिला वाटलं होतं तसा तो आजारी दिसत नव्हता, फक्त वयाआधीच म्हातारा दिसत होता, आणि तिचा भाऊ म्हातारा झाला असेल हे तिनं कधी धरलंच नव्हतं. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळलेला. त्यानं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू, एकेक अक्षर उचलून ठेवत तो म्हणाला, "नु-गु-से-यो?"

आणि तिला ते कळलं. फळा न बघता, वही न उघडता, यंत्र न लावता कळलं. दुसऱ्या धड्यातलं वाक्य, आपण कोण. तिच्या अंगातून आनंदाची एक शिरशिरी गेली, पहिल्यांदाच एक खरं वाक्य कुणीतरी खरोखर बोललं आणि तिला समजलं, वर्गात सांगायला हवं, असंही एक क्षण तिच्या मनात येऊन गेलं. मग तो अर्थ, पाणी जमिनीत मुरावं तसा सावकाश खाली उतरला. आपण कोण. आणि तेही अहो-जाहोत, परक्या बाईशी बोलावं तसं. तो उत्तराची वाट बघत होता. तिच्या तोंडात नूना हा शब्द होता, तो शब्द तिनं हजारदा म्हणून बघितला होता. पण जीभ उचलली आणि बाहेर पडलं ते, "कामसाहम्निदा." आभारी आहे. पहिल्या दिवशी शिकवलेलं. तो किंचित गोंधळला, मग त्यानं नम्रपणे मान झुकवली, जशी दुकानातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघून झुकवतात. भावजय पडद्याआडून भराभर काहीतरी त्याला सांगत होती, त्यात नूना, नूना असं दोनदा आलं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं. चित्र थिजलं. तिनं फोन पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. त्याला खरंच ओळखू आलं नाही, की ओळखू आल्यावरच त्यानं ते विचारलं? मेंदूत रक्त साकळलेल्या माणसाला असं करता येतं का? करता येत असेल तर आपण काय करणार आहोत? आणि करता येत नसेल, तर मग जाऊन तरी काय सांगणार, आणि ते कुणाला?

तरी ती वर्गाला गेली. सातव्या तासाला तिनं टॅक्सीवाल्याला डावीकडे वळा म्हणून सांगितलं. आठव्या तासाला औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी मागितली. दुकानात त्या डावा डोळा न तपासलेल्या गृहस्थांना तिनं फोन करून परत बोलावलं, माझी चूक झाली म्हणाली, आणि ते मोठ्या मनानं म्हणाले, "अहो, मला तर छान दिसतंय." दहावा तास संपला. बाईंनी सगळ्यांशी हात मिळवले, मॅनेजरांनी पेढे वाटावेत तशा सुरात "कामसाहम्निदा" म्हटलं, जोडपं गेलं. ती बाकावरच बसून राहिली. बाई फळा पुसत होत्या. "बाई, मला दोन वाक्यं हवीत. पुस्तकात नाहीत." "बोला." "आई झोपली नव्हती." बाईंनी फडकं थांबवलं नाही. "आईसाठी झोपणे हे क्रियापद वेगळं असतं, आदराचं. आन चुमुस्योस्सोयो. झोपली नव्हती तर मग काय करत होत्या? वाक्य अर्धवट वाटतं." "गेली होती," ती म्हणाली. बाई वळल्या. बाकावरची बाई पंचावन्न वर्षांची, वही छातीशी धरलेली. बाई येऊन तिच्या शेजारी बसल्या. त्या दोघींमध्ये बोलणं फार झालं नाही. तिनं सगळं सांगितलं, 'उठवू का' सोडून. मग तेही सांगितलं.

बाई खिडकीतल्या डस्टरकडे बघत होत्या. "त्यांना आता आठवत तरी असेल का हे?" त्या म्हणाल्या. कवायतीचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "नसेल तर तुम्ही जाऊन पुन्हा आठवण करून देणार. असेल तर... त्यांना उत्तर द्यायला तोंड नाही. विचार केलाय?" "केलाय." "आणि?" "मला दुसरं काही बोलताच येत नाही बाई. पाणी द्या म्हणायला गेले तरी मधे हेच येतं." बाईंनी वही ओढून घेतली आणि लिहून दिलं, तिकडच्या अक्षरांत, खाली आपल्या अक्षरांत. आई झोपली नव्हती. मी खोटं बोलले. चेगा कोजिन्माल हेस्सोयो. "क आणि गच्या मधला उच्चार आहे. घसा आवळायचा नाही." मग न विचारताच म्हणाल्या, "तू म्हणजे नो. शिकवत नाही मी हे. पण असू दे तुमच्याजवळ." जिन्यावरून उतरताना तिला आशा वाटली नाही, हलकंही वाटलं नाही. परीक्षेचा पेपर आधीच फुटल्यावर येतो तसला एक ओशाळा धीर मात्र आला.

विमानात तिनं पाणी मागितलं, आणि ते मिळालं. विमानतळावर रस्ता चुकले म्हटलं, तर एका म्हाताऱ्या सफाईवाल्यानं तिला थेट दारापर्यंत नेऊन सोडलं. सहलीपुरती भाषा सहलीला चोख उपयोगी पडत होती, आणि दर वेळी ती उपयोगी पडली की वही उघडून ती बाईंनी दिलेली दोन वाक्यं पुन्हा वाचत होती. भावजय घ्यायला आली होती. दोघी मान लववून एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मग भावजयीनं तिच्या हातातली पिशवी घेतली, ती तिनं सोडली नाही, भावजयीनं हळूच ओढली, आणि शेवटी दोघींनी मिळून ती उचलली. रुग्णालय शहराबाहेर होतं, जिथे माणसं बरी व्हायला नव्हे तर शिकायला ठेवतात असलं. चालायला, गिळायला, बोलायला. सकाळचे अकरा वाजले होते. लांब खोली, मधोमध एक मेज, मेजावर चित्रांचे पत्ते. बोलायला शिकवणारी मुलगी, निळ्या कोटातली, त्याच्या उजव्या अंगाला, किंचित मागे सरकून बसली होती, त्याचा लुळा कोपर हातात धरून. तो पत्त्यांकडे बघत होता. भावजय दाराशीच थांबली आणि तिनं तिला खुणेनं पुढे जा म्हटलं.

मेजापलीकडे एक खुर्ची रिकामी होती, ती त्यावर बसली. त्यानं वर बघितलं. या वेळी त्यानं आपण कोण असं विचारलं नाही. काहीच विचारलं नाही, पुन्हा पत्त्यांत डोकं घातलं. शिकवणाऱ्या मुलीनं पत्ता उचलला. पेल्यातलं पाणी. त्याचा ओघळलेला ओठ थरथरला, गळ्याची शीर ताणली गेली. "मुल," तो म्हणाला. मुलीनं शाबासकी दिली, आणि बहुधा पाहुणीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून तोच पत्ता हसत तिच्यापुढे धरला. "मूल," ती म्हणाली. तिच्या तोंडातून ते आपल्याकडचं मूल होऊन बाहेर पडलं, लांब. त्यानं झटकन मान वर केली आणि हलवली. नाही. "मुल." "मूल." "मुल," तो म्हणाला, जरा चिडून, आखूड तोडून दाखवत. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा चुकली. तो तिच्याकडे टक लावून बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर आता कसलीशी काळजी होती, एकाच वॉर्डातल्या माणसाला दुसऱ्याची वाटते तशी. त्यानं डावा हात उचलून बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं, मग ते बोट मेजावरून तिच्या कपाळाच्या दिशेनं आणलं. "नो-दो?" त्यानं विचारलं.

तूसुद्धा? बाईंनी दिलेला नो. तिला ते कळलं. त्याला वाटत होतं की हीही आपल्यासारखीच पडलेली आहे, डोक्याच्या आत, हिचेही शब्द गेले आहेत, हीही इथे पाण्याला पाणी म्हणायला शिकायला आली आहे. आणि म्हणून तो तिला तू म्हणत होता. की तो तू दुसऱ्याच कुठल्या कारणानं आला होता? नाही म्हणायला हवं होतं. मी तुझी ताई, असं सांगायला हवं होतं. तिनं त्याच्या बोटाकडे बघितलं. नख वाढलेलं होतं. "ने," ती म्हणाली. हो. हेही खोटंच झालं का, हे तिला ठरवता येईना, आणि ठरवत बसायला वेळही नव्हता, कारण त्याचा चेहरा मऊ झाला होता. त्यानं एक पत्ता उचलून तिच्याकडे सरकवला, म्हण, असं डोळ्यांनी सांगत. तिनं पत्त्याकडे बघितलंच नाही. ती म्हणाली, "ओमोनीनुन आन चुमुस्योस्सोयो. चेगा गोजिन्माल हेस्सोयो."

निळ्या कोटातल्या मुलीची पत्ते सारखी करणारी बोटं थांबली. तो मात्र मान एका बाजूला कलती करून ऐकत होता. मग त्यानं मान हलवली. नाही. "को," तो म्हणाला. "को-जिन्-माल." तिला क्षणभर काहीच समजलं नाही, आणि मग समजलं. तो तिचा उच्चार सुधारत होता. "गोजिन्माल," ती म्हणाली. "को." "खोजिन्माल." "को. को." त्यानं डावा हात स्वतःच्या गळ्याला लावून दाखवला, इथे आवळू नकोस. लहानपणी ती त्याला पाढे म्हणायला लावायची तेव्हा तो चुकला की तिचा आवाज चढायचा. त्याचा चढत नव्हता. पुन्हा, त्यानं खूण केली, सगळं वाक्य. तिनं सगळं म्हटलं. आई झोपली नव्हती, मी खोटं बोलले. पुन्हा. आई झोपली नव्हती, मी खोटं बोलले. किती वेळा ते तिनं मोजलं नाही. एकोणीस वर्षांत जे त्याच्यापुढे एकदाही तोंडातून बाहेर पडलं नव्हतं ते आता धड्यासारखं पाठोपाठ बाहेर पडत होतं, झिजत झिजत गुळगुळीत होत होतं, आणि तिचे डोळे वाहत होते पण थांबायची सोय नव्हती, कारण तो प्रत्येक वेळी को ऐकायला पुढे झुकत होता. शेवटी एकदा ते बरोबर आलं. तिला स्वतःलाच कळलं की आलं. त्यानं डावा तळहात मेजावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "त्वेस्सो." मग पाठ टेकवून डोळे मिटले. तास संपला होता.

त्वेस्सो हा शब्द दहा तासिकांत कुठेच आलेला नव्हता. भावजय त्याची चाकाची खुर्ची खोलीकडे नेत होती. निळ्या कोटातली मुलगी पत्ते डबीत भरून बाहेर आली तेव्हा तिनं व्हरांड्यात तिला गाठलं आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, तो शेवटी म्हणाला त्याचा अर्थ काय? मुलीला इंग्रजी जेमतेम येत होतं, ती शब्द शोधत राहिली. काम नीट जमलं की म्हणतात, ती म्हणाली. झालं, जमलं, असं. मग जरा घुटमळून म्हणाली, आणि पुढचं ऐकायचं नसलं तरी हेच म्हणतात. पुरे, राहू दे. "त्यातलं कुठलं म्हणाला तो?" मुलीनं खरोखर विचार केला. तिला मदत करायची होती, हे दिसत होतं. "चेहऱ्यावरून कळतं," ती म्हणाली. "मी मागे बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसला नाही. समोर तर तुम्ही होतात."

ती व्हरांड्यात उभी राहिली. लांब टोकाला भावजय खुर्ची वळवत होती, त्याची पांढरी मान दिसत होती. तिनं तो क्षण पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, पालथा तळहात, मेज, निळा कोट. चेहरा काही येईना. उच्चार नीट यावा म्हणून ती सगळा वेळ त्याच्या ओठांकडे बघत होती.